अध्यक्षांची कपबशी

इस्तारी कुमरे मंडळाचा अध्यक्ष झाला, तो त्याला 'नाही' म्हणता येत नव्हते म्हणून. दुसरा कोणताही गुण त्या निवडीच्या आड आला नाही. येरमटोला हे जंगलातले गोंडांचे गाव. तिथे त्याच्याहून जास्त जमीन असलेले होते, त्याच्याहून चांगले बोलणारे होते, जंगलखात्याच्या नाकेदाराशी नजर वर करून बोललेला निदान एक माणूस होता. पण समोरच्याने काहीही मागावे आणि इस्तारीने 'हो जी' म्हणावे, ही ख्याती पार आरमोरीच्या बाजारापर्यंत गेली होती.

पेरणीच्या दिवसांत कुणी बैलजोडी मागितली की तो 'नेजा' म्हणे. त्याच दिवसासाठी दुसऱ्याने मागितली तरी 'नेजा' म्हणे. मग ते दोघे दोर घेऊन दारात उभे राहत तेव्हा हा मध काढायला म्हणून जंगलात गेलेला असे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मध कुठला, हे विचारायला कुणी त्याच्या मागे जात नसे. दारातल्यांचा निकाल त्याची बायको चंदाबाई लावी. नकाराचे खाते त्या घरात तिच्याकडे होते. "बैल आमालेच पायजे. नाई भेटत," एवढे म्हणून ती कवाड लोटून घेई. इस्तारी दिवेलागणीला परत येई आणि काय झाले हे विचारत नसे.

बापूजी आरमोरीचे. त्यांची धानाची गिरणी होती, अंगात खादी होती आणि डोक्यात देशसेवा होती. खोटे कशाला बोलायचे, येरमटोल्यात शाळा आणली ती त्यांनीच. गावाचे गोटुल, म्हणजे जिथे एरवी बैठकी होत आणि सणासुदीला ढोल वाजत, तिथे त्यांनी फळा टांगला, छपरावर कौले घातली आणि एक मास्तर आणून बसवला. ही पन्नास सालची गोष्ट. देशाने नुकतीच आपली घटना केली होती. देश करतो तर आपण का मागे राहावे, असे बापूजींना वाटले. त्यांनी 'आदिम विद्या विकास मंडळ' काढले आणि गिरणीच्या ओसरीवर बसून त्याची घटना लिहिली. जिथे सुचले तिथे मनाने लिहिली, जिथे सुचले नाही तिथे एका पतपेढीची घटना पुढ्यात ठेवून उतरवून काढली. येरमटोला आणि आसपासच्या टोल्यांतले सगळे कुटुंबप्रमुख पुरुष हे सदस्य. अध्यक्ष आदिवासीच असला पाहिजे. अध्यक्षांनी सभेत अध्यक्षस्थानी बसावे. बाकी सर्व चिटणिसांनी करावे. चिटणीस अर्थातच बापूजी.

पहिल्या सभेला त्यांनी आरमोरीहून बैलगाडीत घालून एक खुर्ची आणली. गोटुलाच्या अंगणात ती मांडली आणि तिच्यावर कोण बसेल असे विचारले. लोक खुर्चीकडे पाहत राहिले. झिंगू नावाचा म्हातारा होता, सगळे दात पडलेला आणि तोंडात कायम तंबाखू असलेला. तो म्हणाला, "बसून काय करा लागते जी?" बापूजींना हा प्रश्न आवडला नाही. अध्यक्ष प्रश्न विचारणारा असावा असे पतपेढीच्या घटनेतसुद्धा कुठे नव्हते. त्यांनी नजर फिरवली आणि इस्तारीवर आणून थांबवली.

"इस्तारीभाऊ, तुम्ही बसाल?"

"बसतो जी," इस्तारी म्हणाला, आणि बसला.

खुर्चीबरोबर एक कपबशीही आली होती. पांढरी, चिनी मातीची, कपाला सोनेरी काठ असलेली. सभेला चहा द्यायचा असे बापूजींनी ठरवले होते, कारण येरमटोल्याच्या बैठकीत एरवी मोहाची दारू फिरे आणि बापूजी दारूबंदीवाले. सदस्यांना पळसाच्या पानांच्या द्रोणातून चहा आणि अध्यक्षांना कपबशीतून, असा त्यांनी भेद केला. पदाला मान पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. सभा संपली की दोन्ही इस्तारीच्या घरी जात. तिथे शिंक्यावर कपबशी एकटी राही, आणि चंदाबाई खुर्चीवर मिरच्या वाळत घाली.

खरे सांगायचे तर इस्तारीला ती कपबशी फार आवडे. जंगलात जायच्या आधी तो तिच्याकडे एकदा पाहून घेई. सभेत बशीत चहा ओतून फुंकर मारताना त्याच्या चेहऱ्यावर जे येई, ते लग्नातसुद्धा आले नव्हते, असे चंदाबाई म्हणे. एवढ्याशा काठावर माणूस इतका भाळतो, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

आता येरमटोल्यातली द्रोणाची रीत सांगितली पाहिजे, कारण ती बापूजींना कुणी सांगितली नाही आणि त्यांनी कधी विचारली नाही. या गावात तोंडावर नकार देणे हा पाहुण्याचा अपमान. मुलगी मागायला कुणी आले, जमिनीच्या बांधाचे काही निघाले, की सगळे गोल बसत आणि पानाच्या द्रोणातून मोहाची फिरे. प्यायची सगळ्यांनीच, कारण पाहुण्याचा मान. पण पिऊन झाल्यावर द्रोण सरळ ठेवला तर होकार आणि जमिनीवर पालथा घातला तर नकार. कुणी काही बोलायचे नाही, कुणाचे मन दुखवायचे नाही, दुसऱ्या दिवशी वाटेत भेटले की नेहमीसारखा जोहार घालायचा. आणि बैठकीत जो वरच्या जागी बसला असेल त्याचा द्रोण सर्वांत शेवटी. तो सरळ किंवा पालथा पडला की गोष्ट ठरली. तो पडेपर्यंत होकारही नाही आणि नकारही नाही, सगळे लटकलेले.

बापूजी दारूच्या जागी चहा घेऊन आले, पण द्रोण पानाचेच राहिले. पहिल्याच सभेत त्यांनी पहिला ठराव मांडला, की बापूजी हे मंडळाचे तहहयात चिटणीस असावेत. मांडला तोही बापूजींनीच. मग ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत, असे सांगितले. अंगणातले एकूण एक हात वर झाले. बापूजींचे डोळे भरून आले. सदस्यांनी हात खाली घेतले, चहा संपवला आणि द्रोण एकेक करून जमिनीवर पालथे घातले.

बापूजींनी ते पालथे द्रोण पाहिले नाहीत असे नाही. त्यांनी फार कौतुकाने पाहिले. उष्ट्या भांड्यावर माशी बसू नये म्हणून हे लोक किती काळजी घेतात, असे त्यांनी मंडळाच्या वार्षिक अहवालात 'आरोग्य' या सदराखाली लिहून टाकले.

त्यानंतर वर्षाला दोन-तीन सभा होत गेल्या. प्रत्येक घराने शाळेच्या कुंपणाला बांबू द्यावेत, एकमताने मंजूर. परीक्षेच्या दिवसांत ढोल वाजवू नयेत, एकमताने मंजूर. मुलांनी रोज सकाळी सामुदायिक सूत कातावे, एकमताने मंजूर. बापूजी जिल्ह्याच्या गावी चांद्याला गेले की चारचौघांत सांगत, "लोकशाही शिकायची असेल तर आमच्या जंगलात या. पाच वर्षांत एकही विरोधी मत नाही." फक्त एक गोष्ट त्यांना उमगत नव्हती. ठराव इतके एकमताने होत होते, तरी कुंपण होत नव्हते, ढोल थांबत नव्हते आणि टकळ्या आणल्या तशाच कोपऱ्यात पडल्या होत्या. यावर त्यांनी एक ठराव मांडला, की यापूर्वीचे सर्व ठराव अमलात आणावेत. तोही एकमताने मंजूर झाला.

लोक मात्र इस्तारीवर चिडले होते. त्यांचे द्रोण पालथे पडत होते, पण वरच्या जागी बसलेल्याचा कप काही पालथा पडत नव्हता, त्यामुळे पाच वर्षांत धड काही ठरले नव्हते आणि धड काही मोडले नव्हते.

"काऊन गा अध्यक्ष," झिंगू त्याला वाटेत अडवून म्हणे, "तुझा कप कवा पालथा होते? सारं गाव लटकून राह्यलं तुझ्यापायी."

"कपाले कसं पालथं कराव? खाली बशी हाये ना."

"बशी काढून ठेव."

"मंग ते कपबशी कायची राह्यली?" इस्तारी म्हणे आणि पाय उचले.

घरी चंदाबाई एवढे लांबण लावत नसे. "सोन्याचा काठ खरवडन मनून भेते हे," असे ती शेजारणीला त्याच्यादेखत सांगे. ते खरे होते, आणि खरे होते म्हणून इस्तारी बैलांना पाणी दाखवायला उठे.

हे असेच चालले असते तर चालू द्यायलाही हरकत नव्हती. लटकलेल्या ठरावांनी कुणाचे वाईट केले नव्हते. शाळा चालू होती. मास्तर माणूस बरा होता, नाव घेतले की पोरे हात वर करत आणि 'हजर' म्हणत. इस्तारीची मुलगी रंभा तिसरीत होती. घरात उशिरा आलेले एकच मूल. तिला वाचायचे वेड लागले होते आणि ते वेड फार मोठ्या आवाजात होते. काडेपेटीवरचे वाची, साबणावरचे वाची, कपबशीच्या बुडाखाली काही छापले आहे का म्हणून कप उचलून पाही, तेव्हा मात्र इस्तारी खाली दोन्ही हात पसरून उभा राही. बाजारातून आणलेल्या गुळाभोवतीचा कागद ती सरळ करून पूर्ण वाची आणि मगच आईला चुलीत घालू देई. नाकेदाराने बापाला दमात घेऊन दाखवलेला कागद तिने एकदा मागून घेतला आणि तो कुणा भलत्याच गावच्या माणसाच्या नावाचा निघाला, तेव्हापासून चंदाबाईने तिला शेण काढायला उठवणे सोडले होते.

आणि पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात बापूजींना वाटले, की शाळा आरमोरीला न्यावी.

कल्पना त्यांनी इस्तारीला त्याच्याच ओट्यावर बसून समजावून सांगितली. गिरणीच्या शेजारी त्यांची मोकळी जागा होती. तिथे टिनाचे मोठे छप्पर घालायचे, मुलांना तिथेच ठेवायचे, सकाळी शिकवायचे आणि दुपारी स्वावलंबन शिकवायचे. स्वावलंबन म्हणजे गिरणीत पोती भरणे, कोंडा उचलणे आणि धान वाळत घालणे.

"अना पोट्ट्या?" इस्तारीने कसेबसे विचारले.

"मुलींचा विचार पुढच्या टप्प्यात," बापूजी म्हणाले. "चालेल ना इस्तारीभाऊ?"

इस्तारीने मागे घराच्या कवाडाकडे पाहिले, आत रंभा होती. तोंडातून मात्र बाहेर आले ते नेहमीचेच. "चालन जी."

बापूजी गेले आणि रंभा आतून आली. तिने सगळे ऐकले होते.

"बाबा, शाळा गेली तं मी कुठी शिकन?"

"इथीच शिकशीन वो माय."

"शाळा राहीन इथी?"

"राहीन ना."

दोघांनाही एकाच बैलजोडीचा होकार देऊन झाला होता. रंभा खुश होऊन पळाली. चंदाबाई धान पाखडत होती, तिने सूप खाली ठेवले.

"बैल मागाले आले असते तं म्या नाई म्हटलं असतं," ती म्हणाली. "हे तुमाले मागून राह्यले, रंभाच्या बाबा. मले तं त्या अंगणात बसू बी देत नाई. तुमच्या सभेत बाई नाई. आता मधाले जासान तं कोन बोलन?"

इस्तारी त्या रात्री जेवला नाही. पुढचे काही दिवस तो जंगलात जाऊन खरोखरच मध शोधत राहिला, आणि त्याला कुठेही मिळाला नाही.

शाळा हलवायची तर शिक्षणखात्याची परवानगी हवी आणि परवानगीला सभेचा ठराव हवा. म्हणून सभेला चांद्याहून एक साहेब जीपमधून आले. तरुण होते, चष्मा होता, आणि नियम म्हटला की तो शेवटच्या अक्षरापर्यंत पाळायचा असे त्यांचे वळण होते. बापूजींना ते फारसे मानवले नाही, पण पाच वर्षांच्या एकमताचा त्यांना आधार होता. अंगणात सदस्य गोल बसले. कुंपण कधीच झाले नव्हते, त्यामुळे बाया गोटुलाच्या बाजूला सावलीत सरळ येऊन उभ्या राहिल्या, त्यांत चंदाबाई होती. रंभा तिला बिलगून उभी होती. मधोमध मिरच्या झटकलेली खुर्ची आणि तिच्यावर इस्तारी. पुढच्या स्टुलावर कपबशी.

बापूजी खूप वेळ बोलले. जग कुठे चालले आहे ते त्यांनी सांगितले आणि त्यात आरमोरी कुठे आहे तेही सांगितले. तोवर चहा फिरला. मग ते म्हणाले, "ज्यांना शाळा आरमोरीला नेणे मान्य आहे त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. साहेबांनी एकेक हात मोजला आणि मान डोलावली. ठराव पुढ्यात तयारच होता, बापूजींनी लेखणीचे टोपण काढले. सदस्यांनी हात खाली घेतले, उरलेला चहा प्यायला आणि द्रोण पालथे घातले.

"थांबा," साहेब म्हणाले. "विरोधी मते विचारली पाहिजेत."

"इथे ती पद्धत नाही साहेब. पाच वर्षांत गरज पडली नाही."

"पद्धत नसेल. नियम आहे." साहेब उभे राहिले. "ज्यांचा याला विरोध आहे त्यांनी हात वर करा."

सगळे हात पुन्हा वर झाले. झिंगूने तर दोन्ही केले.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सावकाश, दोनदा, सोप्या शब्दांत समजावले, की एका माणसाला एकच मत असते. लोकांनी शांतपणे ऐकले. मग त्यांनी मान्य असणाऱ्यांना हात वर करायला सांगितले, सगळे झाले. मान्य नसणाऱ्यांना सांगितले, सगळे झाले.

"अहो, तुम्ही हात कशासाठी वर करताय?" साहेबांनी समोरच बसलेल्या झिंगूला विचारले.

"गुरजी नाव घेते तवा पोट्टे हात वर करते ना जी," झिंगू म्हणाला. "हजर हाये मनून. तुमी इचारलं, आमी दाखवला. आमी आहोच ना इथी."

मास्तर खाली पाहू लागला. पाच वर्षांचे एकमत, म्हणजे पाच वर्षांची हजेरी होती. बापूजींचा चेहरा उतरला, पण तो क्षणभरच. एवढी घटना त्यांनी हाताने उतरवली होती, तिच्यातले काहीतरी आता उपयोगी पडायला नको? त्यांना आठवले.

"साहेब, बाजूची आणि विरोधी मते सारखी पडली. समसमान मते पडल्यास अध्यक्षांचे मत निर्णायक. कलमच आहे आमच्याकडे." पतपेढीचे ते कलम त्यांनी न वाचताच उतरवले होते, पण या घटकेला ते त्यांना स्वतःचेच वाटले. ते इस्तारीकडे वळून प्रेमाने हसले. "आणि अध्यक्षांनी मला आधीच शब्द दिलेला आहे. काय इस्तारीभाऊ?"

साहेबांना ते कलम पटले. सगळे अंगण खुर्चीकडे पाहू लागले. पाच वर्षांत अध्यक्षाला त्याचे मत विचारण्याची ही पहिलीच खेप होती.

इस्तारीला आधी जंगल दिसले. गोटुलाच्या मागूनच ते सुरू होत होते, दहा ढांगा टाकल्या की माणूस आत. पण खुर्चीवरून उठून पळाला असा अध्यक्ष कुणी ऐकला नव्हता. मग त्याला पालथे द्रोण दिसले, ओळीने, एकही सरळ नाही. मग चंदाबाई दिसली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, कपाकडे पाहत होती. तिच्या पदराआडून रंभा मात्र हसत उभी होती, कारण बापाने तिला शाळा इथेच राहील असे सांगितले होते आणि तिचा त्यावर विश्वास होता. तो विश्वास पाहून इस्तारीला रडू यायचेच बाकी राहिले.

त्याने चहा बशीत ओतला नाही. कप तसाच तोंडाला लावला आणि निवलेला चहा एका दमात प्यायला, पाहुण्याचा मान म्हणून. मग काठाकडे एकदा पाहून घेतले आणि कप उलटा करून बशीवर घातला. टक्कन आवाज झाला. कपाला चीर गेली.

अंगणात एकच हालचाल झाली. लोक उठले, धोतराची धूळ झटकली, कुणी विडी शिलगावली आणि सगळे घराकडे निघाले.

"अहो, कुठे चाललात?" साहेब म्हणाले.

"झालं ना जी," कुणीतरी चालता चालताच सांगितले.

"काय झालं?"

"काही नाही साहेब, ही इथली स्वच्छतेची पद्धत आहे," बापूजी घाईने म्हणाले. "चहा संपला की भांडे पालथे घालतात. अहवालात लिहिले आहे मी. अध्यक्षांचा होकार समजून घ्या."

साहेबांनी लेखणी उचलली. इस्तारीने ती लेखणी पाहिली आणि त्याला कळले, की आपण केले ते पुरले नाही. गावाला पुरले, पण या माणसाला कप वाचता येत नव्हता. उभ्या जन्मात जे केले नाही ते आता तोंडाने करायला हवे होते, तेही चारचौघांत, तेही खादीवाल्या पाहुण्यासमोर.

"नाई जी," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला, की त्याचा त्यालाच भरवसा वाटला नाही. तो उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला. "नाई जी साहेब. शाळा नाई जात. ते इथीच राह्यते."

बापूजी पुढे आले. "इस्तारीभाऊ, तुम्ही मला होकार दिला होता."

"देल्ला जी. मी साऱ्याइलेच देतो." मग त्याने जे सांगितले ते त्याला स्वतःलाही नवीन होते. "तो खरा नसते."

साहेबांनी पालथ्या द्रोणांची रीत दोनदा विचारून घेतली. इस्तारीने सांगितली, मास्तरने मान खाली घालूनच दुजोरा दिला. साहेबांनी कागदावर लिहिले, 'अध्यक्षांचे निर्णायक मत विरोधी. शाळा आहे तिथेच.' शाई वाळेपर्यंत ते थांबले, तेवढ्यात झिंगू विसरलेली तंबाखूची चंची घ्यायला माघारी आला.

"साहेब, मांगचे बी सारे आजच पडले बरं," तो म्हणाला. "लटकून होते ते. वरचा पालथा पडला का सारेच पालथे."

"मागचे कोणते?"

"सारेच जी. ढोलाचा, बांबूचा, सुताचा." झिंगूने बापूजींकडे पाहिले आणि आदराने मान झुकवली. "अना तो बापूजीचा जलमभर चिटणीसाचा बी."

साहेबांनी हे लिहून घेतले नाही. ते मी ऐकले नाही, असे म्हणून ते जीपमध्ये जाऊन बसले. बापूजींना आरमोरीपर्यंत त्याच जीपमधून जायचे होते आणि वाटेत दोघे काय बोलले ते कुणाला कळले नाही.

बापूजी चिटणीस राहिले. कागदावर नेमलेला माणूस द्रोणाने जात नाही, एवढे त्यांना घटनेवरून ठाऊक होते. पुढच्या सभेत त्यांनी इस्तारीला त्याच्या सेवेबद्दल आभार मानून मोकळे केले आणि झिंगूला अध्यक्ष केले, कारण दात नसलेला माणूस कमी बोलेल असा त्यांचा हिशेब होता. त्याच सभेपासून काटकसर म्हणून चहा बंद करण्यात आला. तेव्हा सदस्य घरूनच काखेत एकेक रिकामा द्रोण घेऊन आले आणि बापूजींनी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी तो पुढ्यात पालथा ठेवला. शाळा आरमोरीला न्यायची गोष्ट त्या अंगणात पुन्हा निघाली नाही.

इस्तारी जमिनीवर बसू लागला. चीर गेलेली कपबशी बापूजींनी परत मागितली नाही, ती शिंक्यावरच राहिली. बैल मागायला कुणी आले तर तो पूर्वीसारखाच 'नेजा' म्हणे आणि पूर्वीसारखाच मधाला जाई. त्या एका 'नाई'ने माणूस बदलला असे कुणी समजू नये. त्याच्याकडे ते एकच होते.

रंभा पुढच्या वर्षी चौथी पास झाली. येरमटोल्याची शाळा चौथीपर्यंतच. निकालाच्या दिवशी दुपारी घरात तिघे पेज पीत बसले होते, पळसाच्या द्रोणातून.

"बाबा, मले पाचवीले जाचं हाये," रंभा म्हणाली. "आरमोरीले. गुरजीची बहीण शकुबाई तिथी राह्यते. ते ठेवून घेतो म्हणते मले."

शाळा ज्या आरमोरीला जाऊ नये म्हणून त्याने जन्माचा एकुलता एक नकार खर्च केला होता, ती आरमोरी आता त्याच्या पोरीच्या तोंडून घरात येऊन बसली. इस्तारीने एक घोट घेतला.

"जाय वो माय," तो म्हणाला.

पण त्याच्या होकाराला त्या घरात कधीच भाव नव्हता. रंभाने तिकडे लक्षही दिले नाही. बाप आणि लेक दोघेही चंदाबाईकडे पाहू लागले. ती घाई न करता पेज पीत होती. शेवटचा घोट संपला तसे तिने तोंड पुसले, रिकामा द्रोण हातात एकदा फिरवला, लेकीकडे बराच वेळ पाहिले. मग तिने तो जमिनीवर ठेवला, सरळ, आणि कलंडू नये म्हणून त्याच्याशेजारी एक खडा लावला.